कुणाचा डबा कुणाच्या नावावर?

फ्रीलान्सर असण्याचा मोठा फायदा म्हणजे डोक्यावर बॉस नसतो. आणि मोठा तोटा म्हणजे अख्ख्या खानदानाला वाटतं, ही घरी रिकामीच असते. गॅसवाला येणार आहे? हिला थांबायला सांगा. आजीचा हयातीचा दाखला द्यायचाय? हिला पाठवा. तुमच्यापैकी जे ‘वर्क फ्रॉम होम’वाले आहेत त्यांना हे दु:ख नीट कळेल. बाकीच्यांनी आपापल्या क्युबिकलमध्ये बसून हसायला हरकत नाही.

तर २०२५ च्या मे महिन्यात मावशीने मेस बंद करायचं ठरवलं आणि हिशेबाचं काम कुणाकडे आलं, हे सांगायला नकोच.

मावशीची मेस नवी पेठेत. पुण्याचा हा भाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड हा पट्टा म्हणजे एमपीएससीवाल्यांचा गाव. नांदेड, लातूर, बीड, बुलडाणा, यवतमाळ, कुठून कुठून मुलं येतात, कॉट बेसिसवर राहतात, अभ्यासिकेत खुर्ची घेतात आणि अशाच कुठल्यातरी काकूंकडे डबा लावतात. परीक्षा पुढे ढकलली की या भागात सुतक येतं. मार्च २०२१ मध्ये ऐनवेळी पूर्वपरीक्षा पुढे ढकलली तेव्हा ही पोरं रस्त्यावर बसली होती, ते टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल. त्या गर्दीतली निम्मी तोंडं मावशीला ओळखीची वाटत होती. ‘अगं, हा बघ, याला शेपू चालत नाही!’ ही तिची त्या दिवसाची ब्रेकिंग न्यूज.

पण गुडघ्यांनी शेवटी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बदला. आणि मावशी म्हणाली, त्याआधी मुलांचं डिपॉझिट परत करायचं.

डिपॉझिट म्हणजे प्रत्येकी दीड हजार. डबा लावताना घ्यायचं, सोडताना परत द्यायचं. पण सोडताना कोण सांगून जातंय? एखादा निकाल लागला की रातोरात बॅग भरून गावी जातो, एखाद्याची पोस्ट निघते, एखाद्याच्या घरून फोन येतो की आता बास, शेत बघ. पैसे मावशीकडेच राहतात. असे आणि चालू असलेले मिळून १४३ जण. १४३ गुणिले दीड हजार, म्हणजे दोन लाख साडेचौदा हजार. त्यातून ज्यांनी डबे खाल्ले पण पैसे दिले नाहीत त्यांचे वजा करायचे.

‘कुणाचे चार आणेसुद्धा माझ्याकडे राहता कामा नयेत. आणि कुणाला उगाच कमीपण नको. उद्या बाजारात कुणी समोर आलं तर मान वर करून बोलता आलं पाहिजे,’ मावशी म्हणाली.

आता ही मेस वह्यांवर चालत असती तर मी दोन आठवडे वह्या घेऊन बसले असते. पण माझा मावसभाऊ, आमचा दादा, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना प्रोजेक्ट म्हणून आईसाठी डब्याचं ॲप बनवून बसला होता. जानेवारी २०२२ पासून सगळा कारभार त्यावर. डबा पोचवणारा मुलगा मोबाइलवर टिक करणार, नोंद ढगात. दादाला त्यावर चांगले मार्क मिळाले, नोकरीही लागली आणि तो हैदराबादला गेला. ॲप मागे राहिलं. मावशी वहीसुद्धा लिहीतच राहिली, गुपचूप, पिठाच्या डब्याशेजारी ठेवून. ‘यंत्राचा काय भरवसा’ म्हणून.

दादा म्हणाला, ‘सोपं आहे. कंपास नावाचं सॉफ्टवेअर टाक, मी लॉगिन देतो. मेंबर एका कलेक्शनमध्ये आहेत, डबे दुसऱ्या, पेमेंट तिसऱ्या. लुकअप मारायचा, की झालं. दहा मिनिटांचं काम आहे.’

दहा मिनिटांचं काम! इंजिनीअर लोकांचं घड्याळ वेगळं असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं म्हणणार होते. पण खरं सांगायचं तर मला ते आधीपासूनच माहीत होतं.

हे कलेक्शन वगैरे काय प्रकार आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. टेन्शन घेऊ नका, मी मासकॉमवाली आहे. मला समजलं म्हणजे तुम्हाला समजणारच.

माहिती साठवायची जुनी, घरंदाज पद्धत म्हणजे तक्ते. १९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड नावाच्या माणसाने एक पेपर लिहिला आणि त्यातून रिलेशनल डेटाबेस जन्माला आले. तुमची बँक, तुमचं रेल्वे रिझर्व्हेशन, तुमच्या ऑफिसचं पगारपत्रक, जवळपास सगळीकडे याच विचाराचं राज्य आहे. एक गोष्ट एकाच तक्त्यात लिहायची, आणि लागेल तेव्हा तक्ते एकमेकांना जोडायचे. या जोडण्याला म्हणतात जॉइन. तिथे जॉइन हा घरचा सदस्य आहे.

मग २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काही लोकांनी एक कंपनी काढली. डबलक्लिक या इंटरनेट जाहिरातींच्या कंपनीतून बाहेर पडलेली ही मंडळी. त्यांनी २००९ मध्ये मोंगोडीबी बाजारात आणला. ‘ह्युमंगस’ म्हणजे अवाढव्य, त्यातून ‘मोंगो’. यांचा फंडा वेगळा. तक्ते नकोतच. एका माणसाबद्दलचं जे काही आहे ते एकत्र एका डॉक्युमेंटमध्ये ठेवा. म्हणजे थोडक्यात डबाच! भाजी, आमटी, पोळी, भात, कोशिंबीर, सगळं एका डब्यात. उघडला की जेवण तयार. पोळीसाठी एका काउंटरला आणि भाजीसाठी दुसऱ्या काउंटरला रांग लावायची भानगड नाही.

ऐकायला झक्कास आहे. मग दादाने मेंबरच्या डब्यातच त्याचे सगळे डबे का नाही भरले? मी विचारलंच. तर म्हणे, एखादा मुलगा तीन वर्षं जेवला, दोन वेळचे मिळून दोन हजार नोंदी होतात. मेंबरचं नाव बघायला गेलं तरी हे सगळं लटांबर बरोबर येतं. शिवाय एका डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादा आहे. आमची मेस तिथवर पोचली नसती, पण वाढतच जाणारी गोष्ट दुसऱ्याच्या पोटात ठेवू नये हा नियम. आणि डबा पोचवणाऱ्याला सकाळी ‘आजचे डबे कुठले’ एवढंच हवं असतं, कुणाचा इतिहास नको असतो. म्हणून मेंबर वेगळे, डबे वेगळे, पेमेंट वेगळी. मात्र प्रत्येक डब्याच्या नोंदीत त्या दिवशीचा भाव त्याने तिथल्या तिथे लिहून ठेवला होता. पन्नासचे पंचावन्न झाले, पंचावन्नचे साठ झाले, तरी जुन्या डब्याचा जुना भाव शाबूत. ही त्याची अक्कल मला मान्य आहे.

म्हणजे डब्याचं तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांनाही शेवटी काउंटर वेगळे करावेच लागतात. आणि एकदा वेगळे केले, की कधीतरी जोडायची वेळ येतेच. गंमत म्हणजे मोंगोत ही जोडायची सोय सुरुवातीला नव्हतीच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आपणच जाऊन आणायचं. १४३ मेंबर आणा, मग प्रत्येकासाठी पुन्हा डब्यांच्या कलेक्शनमध्ये फेरी मारा. १४३ फेऱ्या. डिसेंबर २०१५ मध्ये ३.२ हे व्हर्जन आलं आणि त्यात ‘लुकअप’ आला. त्यातही आधी कंपनीने जाहीर केलं होतं, की ही सोय फक्त पैसे भरणाऱ्या एंटरप्राइझवाल्यांनाच मिळेल. फुकट वापरणाऱ्यांनी बोंबाबोंब केली आणि कंपनीने माघार घेतली. ती बोंबाबोंब झाली नसती तर मावशीचा हिशेब आणखी लांबला असता.

लुकअपला चार गोष्टी सांगाव्या लागतात: कुठल्या कलेक्शनमधून आणायचं, आपल्याकडची जोडायची खूण कुठली, त्यांच्याकडची कुठली, आणि आणलेलं कुठल्या नावाने ठेवायचं. आमची खूण होती फोन नंबर. मेंबरचा फोन नंबर आणि डब्याचा फोन नंबर जुळला, की तो डबा त्या मेंबरच्या पदरात. एकेका मेंबरसमोर त्याच्या डब्यांची माळ तयार.

आणि न जुळला तर? तर मेंबर तसाच राहतो, समोर रिकामी माळ. याला लेफ्ट आउटर जॉइन म्हणतात. डावीकडचे सगळे यादीत राहणार, उजवीकडे जोडीदार मिळो ना मिळो. वधू-वर सूचक मंडळाच्या रजिस्टरसारखं. (मावशीने हे वाक्य ऐकलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी विषय बदलला.)

पहिला लुकअप मारला. १४३ मेंबर, १४३ रिकाम्या माळा. मावशीकडे आजवर कुणीच जेवलेलं नाही!

कारण ऐकाल तर हसाल. दादाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या क्वेरीत कलेक्शनचं नाव होतं ‘डबा’. प्रत्यक्षात ते होतं ‘डबाज’. त्याने वापरलेली मोंगूज नावाची लायब्ररी (हो, मुंगूसच) आपण दिलेल्या नावाचं आपणहून इंग्रजी अनेकवचन करते. डब्याला शेवटी ‘स’ लावून तिने इंग्रजी केलं होतं. आणि अस्तित्वातच नसलेल्या कलेक्शनचं नाव दिलं तर लुकअप तक्रार करत नाही. ‘असं काही नाही हो इथे’ असं सांगण्याऐवजी तो मुकाट्याने रिकामं ताट आणून ठेवतो. मला हे सरकारी कचेरीची आठवण करून देणारं वाटलं.

नाव दुरुस्त केलं. आता माळा भरल्या, पण जुलै २०२२ च्या आधीचं काहीच नाही. सहा महिने मेस चालू होती आणि कुणी एक घास खाल्लेला नाही? रात्री साडेदहाला दादा कॉलवर आला. त्याने दोन्हीकडचे नंबर समोरासमोर ठेवायला सांगितले. दिसायला सेम टू सेम. फरक इतकाच, की मेंबरकडे नंबर ‘अक्षरं’ म्हणून साठवलेला होता आणि जुलै २०२२ पर्यंतच्या डब्यांत तो ‘संख्या’ म्हणून. मधेच त्याने फॉर्म बदलला होता. आपल्या डोळ्यांना एकच. डेटाबेसला मात्र एक नाव आहे आणि एक रक्कम आहे, त्यांचं काही नातं नाही. मग जोडण्याआधी दोन्ही एका जातीत आणायची एक पायरी वाढवली. ४१ हजारांवर डबे आपापल्या घरी गेले.

हे दोन्ही लोचे तसे बरे होते, कारण ते ढळढळीत दिसत होते. मावशीकडे कुणी जेवलं नाही म्हणणारा डेटा कोण खरा मानेल? मला धास्ती आहे ती पुढच्या दोघांची.

दादाच्या क्वेरीत लुकअपनंतर एक पायरी होती, ‘अनवाइंड’. माळ सोडवून एकेक मणी वेगळा करायचा, म्हणजे एका मेंबरच्या तीनशे डब्यांच्या तीनशे ओळी. मग त्यांची बेरीज. बेरजा व्यवस्थित आल्या. सुबक यादी. कोणाचं येणं, कोणाचं देणं, सगळं. दादा म्हणाला, ‘झालं की! पाठव सगळ्यांना मेसेज.’

पण यादीत नावं होती १३१.

बारा माणसं गेली कुठे? पत्रकारितेने मला दुसरं काही दिलं असो नसो, आकडे मोजायची खोड दिली आहे. मोर्च्यात किती लोक होते इथपासून ते बिलात किती ओळी होत्या इथपर्यंत. दादाला विचारलं तर तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, ‘अनवाइंडने खाल्ले असतील.’

झालं असं, की माळ रिकामी असेल तर अनवाइंडला सोडवायला मणीच मिळत नाही. मणी नाही म्हणजे ओळ नाही. आणि ओळ नाही म्हणजे माणूस नाही. लुकअपने ज्यांना सांभाळून यादीत ठेवलं होतं त्यांना पुढच्याच पायरीने दाराबाहेर काढलं. आणि हे बारा जण होते कोण? ज्यांनी डिपॉझिट भरलं पण एकही डबा खाल्ला नाही असे! म्हणजे ज्यांचे पूर्ण दीड हजार परत करायचे होते तेच नेमके गायब. बारा जणांचे मिळून १८ हजार. मावशीकडे तसेच राहिले असते आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

मावशीला नावं वाचून दाखवली. तिला बहुतेक सगळे आठवत होते. ‘हा पैसे भरून गेला आणि त्याच आठवड्यात पोलिस भरतीत निवडला गेला. पेढे द्यायला आला होता.’ ‘याचे वडील वारले, एका रात्रीत गेला बिचारा. सामानसुद्धा मित्रांनी पाठवलं.’ ‘हिला हॉस्टेल मिळालं.’ मी ऐकत राहिले. स्क्रीनवर त्यांच्या समोर दोन चौकोनी कंस होते, मध्ये काही नाही.

त्यावर उपाय दोन. अनवाइंडला सांगता येतं, की रिकाम्यांनाही ठेव. किंवा माळ सोडवायचीच नाही, आहे तशीच तिची बेरीज करायची. दुसरं केलं. त्यात आणखी एक फायदा होता. डबे आणि पेमेंट अशा दोन माळा एकाच वेळी सोडवल्या तर साठ डबे आणि तीन पेमेंटच्या १८० ओळी होतात आणि मग बेरजेचं जे काय होतं ते सांगण्यासारखं नाही.

आता यादीत १४३ नावं. सगळं टकाटक. दादाने एक प्रोग्रॅमही तयार ठेवला होता: ज्यांचं येणं आहे त्यांना आपोआप मेसेज जाणार, रक्कम आणि यूपीआयच्या क्यूआर कोडसकट. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचा मेसेज रूमवरच्या ग्रुपवर. फक्त एक बटण दाबायचं बाकी.

मावशी म्हणाली, ‘आधी मला वाचून दाखव.’

‘अगं, १४३ नावं आहेत.’

‘मग? पोळ्या लाटताना ऐकते. तू वाच.’

मी वाचत होते, ती लाटत होती. ऐंशीच्या पुढच्या एका नावाशी मी आले. दोनशे बारा डबे, एकूण ११ हजार ९४० रुपये. भरणा शून्य. डिपॉझिट वजा जाता येणं १० हजार ४४०. अख्ख्या यादीत सगळ्यात मोठी उधारी.

मावशीचं लाटणं थांबलं. ‘कोण? तो? दोनशे डबे उधार?’ आणि ती चक्क हसायला लागली. ‘अगं, तो एक पोळी जास्त मागायला लाजायचा. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे आणून द्यायचा, तेही पाकिटात घालून. परत बघ.’

परत बघितलं. आकडे तेच. डेटाबेस म्हणतो दहा हजार, मावशी म्हणते अशक्य. मासकॉमला आमचे सर सांगायचे, दोन सोर्स एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील तर बातमी छापायची नाही, तिसरा शोधायचा. मी त्या मुलाचं मेंबरचं डॉक्युमेंट उघडलं. नाव होतं, पत्ता होता, डिपॉझिट होतं. फोन नंबर नव्हता. नंबरची जागा रिकामी होती असं नाही, नंबर नावाची ओळच नव्हती. मोंगोत हे चालतं. प्रत्येक डब्यात प्रत्येक पदार्थ असलाच पाहिजे अशी सक्ती नसते.

‘त्याच्याकडे फोन नव्हताच,’ मावशी म्हणाली. ‘अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून गावी ठेवून आला होता. घरी बोलायचं असलं की रूममेटच्या फोनवरून बोलायचा.’

मग ते दोनशे बारा डबे उघडून पाहिले. त्यातही फोन नंबर नव्हता. ते होते पाहुण्यांचे डबे. कुणाचा भाऊ परीक्षेला आला, कुणाची आई दवाखान्यात आली, एका दिवसाचा डबा घेतला, रोख पैसे दिले, निघून गेले. डबा पोचवणाऱ्या मुलाने टिक केलं, नंबर टाकला नाही. टाकायचा तरी कुणाचा?

आणि लुकअपने काय केलं? ज्या मेंबरकडे फोन नाही त्याचा फोन ‘काही नाही’ असा धरला. ज्या डब्यावर फोन नाही त्याचाही ‘काही नाही’ असा धरला. मग ‘काही नाही’ बरोबर ‘काही नाही’. जुळलं! साडेतीन वर्षांतल्या सगळ्या अनोळखी पाहुण्यांचं जेवण त्या एका मुलाच्या नावावर.

दादाला रात्री सांगितलं. तो म्हणाला, हा बग नाही, हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलंच आहे. तक्त्यांच्या जुन्या जगात असं होत नाही म्हणे. एसक्यूएलमध्ये ‘माहीत नाही’ हे दुसऱ्या ‘माहीत नाही’च्या बरोबर मानत नाहीत; दोन माणसांचे नंबर मला माहीत नाहीत म्हणून ती दोन माणसं एक होत नाहीत. मोंगोचा लुकअप मात्र त्यांना एक मानतो. दोन्हीमागे काही ना काही विचार असेल. पण माझं मत विचाराल तर यात मी त्या १९७० च्या घरंदाज मंडळींच्या बाजूने आहे.

मला मात्र ते तांत्रिक कारण ऐकताना वेगळंच काहीतरी दिसत होतं. समजा, मावशी लाटत बसली नसती. समजा, बटण दाबलं गेलं असतं. एका खोलीत सहा जण राहतात, त्या सहा जणांच्या ग्रुपवर याचं नाव, पुढे दहा हजार चारशे चाळीस, खाली क्यूआर कोड. जो एक पोळी मागायला लाजतो तो काय भांडायला येणार होता? त्याने रूममेट्सकडून उसने घेतले असते, नाहीतर घरी फोन केला असता. तोही दुसऱ्याच्या मोबाइलवरून.

मग पिठाच्या डब्याशेजारची वही काढली. त्याचा हिशेब तिथे महिनावार लिहिलेला होता, मावशीच्या त्या तिरक्या अक्षरात. एक वेळचं जेवण, गुरुवारी उपास. तो डबा नेत नसे, मेसवर येऊन बसून जेवायचा, त्यामुळे त्याचं जेवण ॲपपर्यंत नीट गेलंच नव्हतं. प्रत्येक महिन्याचे पैसे जमा. फक्त शेवटच्या महिन्याचे १४ डबे बाकी, साठ रुपयांप्रमाणे ८४०. म्हणजे त्याचं देणं दहा हजार नव्हतं. उलट आपणच त्याला ६६० रुपये द्यायचे होते.

क्वेरीच्या अगदी सुरुवातीला आम्ही एक चाळणी लावली: ज्याच्याकडे फोन नंबर आहे तोच पुढे जाईल. बिनफोनवाले वेगळ्या यादीत, हाताने. तसे पाच निघाले. बाकीच्या चौघांच्याही नावावर तेच दोनशे बारा डबे चढलेले होते! एकच पाहुणा पाच घरी जेवलेला. यादी खालपर्यंत वाचली असती तर तेही दिसलंच असतं, पण आम्ही पहिल्यापाशीच थांबलो होतो.

त्या पाचही जणांचा हिशेब मावशीने वहीवरून केला. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते, तो लागला नाही.

मग पैसे परत करायचे. हा भाग कुठल्याच डेटाबेसमध्ये नव्हता. पुढचे तीन आठवडे मी फोन लावत होते. ‘नमस्कार, मी नवी पेठेतल्या मेसच्या काकूंची भाची बोलतेय, तुमचं डिपॉझिट...’ पहिली प्रतिक्रिया जवळजवळ सगळ्यांची एकच: हा फ्रॉड कॉल आहे. आपणहून पैसे परत द्यायला फोन कोण करतं? दोघांनी मला झापलं, एकाने सायबर पोलिसांची धमकी दिली. मग मी फोन मावशीच्या हातात द्यायला लागले. तिने ‘काय रे, शेपू खायला लागलास का?’ असं विचारलं की पलीकडचा आवाजच बदलायचा.

एक जण तलाठी झालाय. तो म्हणाला, काकू, राहू द्या तुमच्याकडेच. मावशीने त्याला असं काही सुनावलं की पाच मिनिटांत त्याचा यूपीआय आला. एकीने दुकान टाकलंय, एक अजूनही नवी पेठेतच आहे आणि तिसऱ्यांदा मुख्य परीक्षा देतोय. पोलिसात गेलेला ड्युटीवर होता, त्याने संध्याकाळी फोन केला आणि म्हणाला, मी तर विसरूनच गेलो होतो. ज्याचे वडील वारले होते त्याचा नंबर आता दुसऱ्याच कुणाकडे आहे. तो एक, आणि आणखी आठ, असे नऊ जण अजून सापडलेले नाहीत.

आणि तो बिनफोनवाला? त्याचा रूममेट सापडला, रूममेटकडून गावचा पत्ता. ६६० रुपयांची मनीऑर्डर करायची का, असं मी विचारत होते, तेवढ्यात तो स्वत:च पुण्यात आला, मुलाखतीच्या तयारीसाठी. मेसचं दार बंद बघून वर घरी आला. मावशीने पाकीट दिलं. त्याने मोजलं नाही. खिशातून नवा फोन काढला आणि म्हणाला, ‘काकू, नंबर घ्या ना माझा.’

मावशीने वही मागितली. मी लॅपटॉप उघडून त्याच्या डॉक्युमेंटमध्ये फोनची ओळ वाढवली, अक्षरं म्हणून, संख्या म्हणून नाही. मेस बंद आहे, ॲपही दादा आता काढून टाकणार आहे, त्यामुळे त्याचा तसा काही उपयोग नाही. मावशीचा डावा गुडघा झालाय, उजवा दिवाळीनंतर. नऊ जणांची पाकिटं नावं घालून कपाटात ठेवली आहेत. फोन लावायचं काम अर्थातच माझ्याकडेच आहे, कारण मी घरी रिकामी असते.